काकीच्या मताला सोबत

कोल्हापूरला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "म्हैसूरला जाऊन आलात म्हणे. पॅलेस पाहिलात का?" पाहिला. रिक्षातून, मागच्या बाजूनं, तोही रिक्षावाल्यानं जवळचा रस्ता धरला म्हणून. टेकडीवर गेले नाही, बागेतली कारंजी पाहिली नाहीत, चंदनाचा साबणसुद्धा निघताना स्टेशनवरच घेतला. ज्या गावात जन्मले, शिकले आणि जिथून लग्न होऊन निघाले, तिथं पाहुण्यासारखं काय काय बघत फिरायचं? या खेपेला मी गेले होते ती माझ्या काकीचं मत नीट पार पडावं म्हणून. बारशाला, लग्नाला, बाराव्याला माणसं प्रवास करतात. दुसऱ्याच्या मताला जाणारी मी एकटीच असेन.

झालं होतं असं. लोकसभेची निवडणूक आली होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांना आता घरबसल्या मत देता येतं, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर सांगते, कारण कुणाच्या तरी घरात उपयोगी पडेल. आधी अर्ज भरून द्यायचा. मग ठरल्या दिवशी सरकारी माणसं घरी येतात, मतपत्रिका हातात देतात, आपण आडोशाला बसून खूण करायची, पाकिटात घालून चिकटवायची, आणि ती घेऊन जातात. म्हणायचं पोस्टाचं मत, पण पोस्टमन काही येत नाही. काकीचा मुलगा मोहन, माझा चुलतभाऊ, यानं आईला उन्हात रांगेत उभं राहायला नको म्हणून हौसेनं तो अर्ज भरून दिला होता. नेहमी पेन्शनच्या कागदावर करते तशी काकीनं त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. आणि कसली सही ते कळल्यावर म्हणाली, मी शाळेतच जाणार.

मोहनची बायको सुधा फोनवर म्हणाली, "वत्सक्का, तुम्ही या. तुमचं ऐकतील त्या." काकीनं माझं कधी ऐकलं होतं ते काही मला आठवेना. पण एप्रिल महिना होता, म्हैसूरला मोगऱ्याचे दिवस होते, आमच्याकडचं मतदान पुढच्या टप्प्यात होतं, आणि जायला निमित्त हवंच होतं. निघाले.

चामराजपुरम

आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या पदरी घोडेस्वार होते. घोडे गेले, महाराज गेले, मराठी तेवढी राहिली, तीही निम्मी कन्नड होऊन. चामराजपुरमातल्या आमच्या गल्लीत एके काळी अशी बरीच घरं होती. आता मोजकी उरलीत. आमचंही बदललंय. वर एक मजला चढलाय, तिथं हेब्बाळच्या कंपनीत कामाला जाणारी दोन पोरं भाड्यानं राहतात आणि सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर आली की जिन्यावरून धडाधड उतरतात. खालची लाल गुळगुळीत फरशी मात्र तीच आहे. चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला आणि तो गारवा तळव्याला लागला, तेव्हा मला एकदम रडू आलं. प्रवासानं दमले म्हणून असेल, असं मी सुधाला सांगितलं.

काकी दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी हाक मारली तशी हात पुढे करून तिनं माझा दंड चाचपला.

"आलीस काय मा? स्वल्प बारीक झालीस की."

"कुठली बारीक? दोन किलो वाढलंय वजन."

"बघ हिचा मराठी," काकी सुधाला म्हणाली, "रेडिओसारखा बोलते अता."

मग तिनं स्वतः उठून कॉफी केली. ती माझ्या लहानपणी करायची तशीच: आधी डिकॉक्शन, मग दूध, मग पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, फेस येईपर्यंत. ओतताना ती बोटाचं टोक पेल्याच्या काठाच्या आत धरत होती. चटका बसेल, असं मला वाटलं, पण कॉफीच्या वासानं मी ते विसरले. आम्ही कोल्हापूरकर चहा पितो, म्हणजे गोड उकळलेलं काहीतरी पितो. कॉफी काय असते ते त्या पितळी पेल्याला विचारावं.

माझं पहिलं मत याच घरातून निघून पडलं. तेव्हा एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागत. मतदानाचा दिवस आमच्याकडे सणासारखा असे, आणि त्याची पद्धत काकीनं घालून दिली होती. सकाळी न्हायचं, काठाचं लुगडं नेसायचं, मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळायचा, आणि मत घालेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. देवाला जाताना खाऊन जातो काय, हा तिचा सवाल. गल्लीतल्या साऱ्या मराठी बायका एकदम निघत, पुरुष मागून. शाळेच्या आवारात मोठं पावसाचं झाड होतं, त्याच्या सावलीत रांग लागे. कागदावर शिक्का मारायचे दिवस होते ते. काकीनं मला घरी जुन्या वर्तमानपत्रावर शिकवलं होतं की कागद आधी उभा दुमडायचा, म्हणजे ओला शिक्का शेजारच्या चिन्हावर उमटत नाही. परतल्यावर सगळ्यांना आमच्या घरी उप्पिट्टू आणि कॉफी. काका आपलं शाई लावलेलं बोट वर करून प्रत्येकाला ऐकवत, की काश्मीरात मत पडो नाहीतर केरळात, बोटाला लागतं ते आमचं म्हैसूर. ती शाई इथंच तयार होते, याचा त्यांना स्वतः केल्यासारखा अभिमान होता.

काका रेल्वेच्या वर्कशॉपातले, गळा मोठा, आणि आपण कुणाला मत घालणार ते महिनाभर आधीपासून चौकात सांगणारे. काकीनं मात्र आपलं मत कधी कुणाला कळू दिलं नाही. काकांनी चिडून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा तर रेशमी साडी कबूल केली. काकी म्हणाली, "साडी द्या. सांगणार नाही." साडी मिळाली नाही. आमच्या कोल्हापुरात बोटावरची शाई वाळायच्या आत चहाच्या गाड्यावर सगळ्या गल्लीची मतं मोजून होतात, त्यामुळे हे तिथं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

देवराज मार्केट

सरकारी माणसं अमुक दिवशी सकाळी येणार, असा निरोप आला होता. त्या दिवशी मी न्हाऊन बाहेर येते तो काकी नेसून तयार.

"चल, मार्केटला जाऊन येऊंत. मल्लिगे घ्यायचा आहे."

"अगं, आज ते लोक येणार ना?"

"येतील निधानं. आपण बेगी येऊंत."

निधानं म्हणजे सावकाश आणि बेगी म्हणजे लवकर. मी भोळी, गेले.

देवराज मार्केटात मी किती वर्षांनी पाऊल टाकलं. कुंकवाच्या रंगीत राशी, नंजनगूडची रसबाळे केळी, विड्याच्या पानांच्या चळती, आणि हारवाल्यांच्या ओळीत शिरलं की डोकं हलकं होईल असा घमघमाट. लहानपणी याच ओळीत मी हरवले होते आणि एका हारवालीनं मला टोपलीशेजारी बसवून शेवंतीची फुलं वेचायला दिली होती. काकी शोधायला आली तर मीच जाईना. काकी माझा दंड घट्ट धरून चालत होती. केळ्यांपाशी आलो की म्हणे केळी, पानांपाशी आलो की म्हणे पानं, आणि एका हारवालीपाशी थांबून तिनं मोगरा नाकाशी धरला आणि "हा कालचा" म्हणून परत दिला. मला तिचं कौतुक वाटलं. आम्ही मग डोसाही खाल्ला. लोण्याचा गोळा डोशावर विरघळत असताना सुधाचा फोन आला.

माणसं येऊन गेली होती. आणखी एकदाच येणार होती, परवा. तेव्हाही मतदार घरी नसेल तर पुन्हा येणार नव्हती.

घरी आल्यावर काकी शांतपणे खुर्चीत बसली. "असू दे. मी शाळेत जाईन की."

मोहनला त्या दिवशी दुपारची पाळी होती, म्हणून तो घरातच होता. तो म्हणाला, "शाळेत नाही जाता येणार आई. एकदा घरचा व्होट मागितला की तिथल्या यादीत तुझ्या नावापुढे तशी खूण करतात. तिथं गेलीस तरी परत पाठवतील."

"शाळेत पण नाही?"

"नाही."

"मी स्वतः गेली तरी?"

"तरी नाही. तुझ्या भल्यासाठी केलं ना मी, आई. तू मुद्दाम गेलीस काय मार्केटला?"

काकीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून एकही निवडणूक न चुकलेली ती बाई. काका वारल्यानंतर पंधरवड्यातही पांढऱ्या लुगड्यात रांगेत उभी राहिली होती. मोहनही काही वाईट नव्हता. आईवर जीव टाकणारा मुलगा, पण रागावला की भांड्यांशी बोलतो तसा, ताट आपटून जेवला आणि हेब्बाळला कामावर गेला.

दुपारी काकीनं मला मागच्या अंगणात बोलावलं. शेवग्याखाली दोन खुर्च्या होत्या. ती बाजारातून आणलेल्या मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवत होती. हात न थांबवता म्हणाली, "वत्सू, मला दिसत नाही."

"चष्मा बदलूया की."

"चष्म्याचा नाही. सावलीसारखा दिसतो, अष्टे, तेवढाच. तू आलीस तेव्हा आवाजानं ओळखली."

मग एकेक उलगडलं. पेल्यातलं बोट, बाजारातले वास, रोज सकाळी तोंडासमोर धरलेला पेपर. घरात नजर अधू झालीय एवढंच ठाऊक होतं; इतकी गेलीय याचा तिनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. कळलं की मोहन गॅसजवळ फिरकू देणार नाही, आणि तिला स्वतःच्या हातची कॉफी सोडायची नव्हती.

"मग मागल्या वेळी मत कसं घातलंस?"

काकी हसली. मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं सुधाला पेपरातली उमेदवारांची नावं सहज म्हणून वाचायला लावली होती आणि आपला माणूस वरून कितवा ते ध्यानात ठेवलं होतं. शाळेत यंत्रापुढे उभं राहून बोटानं बटणं वरून मोजली आणि दाबलं. कुणाला पत्ता लागला नाही. "बटण मोजता येतो," ती म्हणाली. "कागदावर काय मोजू? मोहन म्हणेल, दे मी करतो. चांगला पोरगा आहे. पण मग माझा व्होट त्याचा झाला की."

आता माझ्या लक्षात आलं की शाळेचा हट्ट हा हट्ट नव्हताच. मी तिला सांगितलं, की ज्याला दिसत नाही त्याला मदतीला एक माणूस घेता येतो, आणि तो माणूस मतदारानं निवडायचा असतो. घरातल्यांनी नव्हे.

"पण त्यासाठी दिसत नाही म्हणून सांगावा लागेल. सगळ्यांसमोर."

"लागेल."

"बघू," काकी म्हणाली, आणि गजऱ्याची गाठ मारली.

परवाचा दिवस

काकी पहाटे न्हाली. काठाचं लुगडं, ताजा गजरा. शाळेत जायचं नव्हतं, पण मत घालेपर्यंत खायचं नाही हा नियम तिनं घरातही चालू ठेवला. माणसं सकाळी येतील म्हणून निरोप होता. नाश्त्याची वेळ टळली, जेवणाची आली. सुधानं केलेलं उप्पिट्टू झाकून ठेवलेलं गार झालं.

"अत्ते, निदान पाणी घ्या," सुधा म्हणाली.

"बेडा," म्हणजे नको. दर वेळी तेवढंच.

मोहन रजा घेऊन घरी थांबला होता. तो दारात उभा राहून रस्ता बघायचा, आत यायचा, आईच्या कपाळाला हात लावून बघायचा. ऊन उतरायला लागलं आणि काकीचे ओठ सुकले, तेव्हा मलाच भीती वाटली. कुठून या भानगडीत पडले, असंही मनात आलं.

शेवटी जीप आली. एक शिक्षिका अधिकारी म्हणून, तिचा एक मदतनीस, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा एक माणूस. बाई पिरियापट्टणच्या शाळेतल्या होत्या, पहाटे पहिल्या बसनं निघून आल्या होत्या. आधीच्या घरी एक आजोबा झोपले होते ते उठेपर्यंत थांबावं लागलं, म्हणून उशीर झाल्याचं त्यांनी कन्नडमध्ये सांगितलं आणि माफी मागितली. काकी म्हणाली, झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवू नये हे बरोबरच. मग सगळ्यांना बसायला सांगून सुधाला मजिगे, म्हणजे ताक, आणायला लावलं. मत आधी की पाहुणचार आधी, यावर थोडा वाद झाला. बाईंनी मत आधी म्हटलं.

ओळखपत्र बघून झालं. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. बाईंनी मतपत्रिका पुढे केली आणि विचारलं, "अज्जी, काणसत्ता?" दिसतं का?

मोहन म्हणाला, "स्वल्प कमी दिसतं, चष्मा देतो." तो चष्मा आणायला वळला.

"चष्मा नको," काकी म्हणाली. आधी मराठीत, मोहनसाठी: "मला दिसत नाही रे. दोन वर्षं झाली." मग कन्नडमध्ये, बाईंसाठी: "काणसल्ला."

मोहन तिथंच थांबला. सुधाच्या हातातला ताकाचा तांब्या तिनं हळूच खाली ठेवला. बाई म्हणाल्या, मग कुणातरी मोठ्या माणसाची मदत घेता येईल, आजींनी सांगावं कोण. मोहन पुढे झाला. साहजिकच होतं.

"वत्सू येऊ दे," काकी म्हणाली.

"मी आहे की, आई."

"तू आहेस म्हणूनच रे. तुझ्याबरोबर मला रोज जेवायचा आहे. ही उद्या जाणार."

मराठी न कळणाऱ्या बाई एकदा काकीकडे, एकदा मोहनकडे बघत राहिल्या. मोहन बाहेर पायरीवर जाऊन बसला. हे मत कुणाला सांगणार नाही, अशा कागदावर मी सही केली, आणि व्हिडिओवाल्यानं कॅमेरा दुसरीकडे वळवला.

आडोशामागं आम्ही दोघी खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलो. नाव मोठ्यानं सांगायचं तर खोलीत ऐकू जाणार. काकीनं त्याचीही युक्ती ठरवून ठेवली होती. तिनं माझा डावा हात आपल्या हातात घेतला आणि कानाशी म्हणाली, "वाच. हळू. मी दाबली की थांब." मी वरपासून एकेक नाव कुजबुजत वाचत गेले. शेवटापर्यंत पोचले तरी हात दाबला गेला नाही. "परत," ती म्हणाली. मी पुन्हा वाचायला लागले, आणि एका नावाशी तिनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मी चकित झाले, एवढंच सांगते. पुन्हा त्याच नावाशी थांबून विचारलं, पुन्हा हात दाबला गेला. मी खूण केली. तिचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. पेनाची खूण बोटाला काय कळणार? पण तिनं बोट तिथं जरा वेळ ठेवलं. मी खोटं केलं असतं तर तिला कधीच समजलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही, आणि त्या क्षणी मला माझ्या काकीबद्दल इतकी माया दाटून आली की डोळ्यांतलं पाणी मतपत्रिकेवर पडू नये म्हणून मी मान मागे घेतली.

लहान पाकीट चिकटवलं, ते सहीच्या कागदाबरोबर मोठ्या पाकिटात गेलं, तेही चिकटवलं. पेटीत काकीनं स्वतःच्या हातानं टाकलं. मग पोलिसापासून सगळ्यांनी ताक घेतलं आणि काकीनं गार उप्पिट्टू खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

निघताना

मोहनला घाव बसला होता. पण त्या संध्याकाळी काकी कॉफी करायला उठली, सुधा तिला अडवायला गेली, तेव्हा मोहन म्हणाला, "करू दे तिला." डोळ्यांच्या डॉक्टरकडची वेळ मात्र त्यानं फोन करून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो मला स्टेशनवर सोडायला आला. गाडीला अवकाश होता. बाकावर बसून आम्ही लहानपणीच्या गोष्टी काढल्या, टांगे, दसऱ्याचे हत्ती, काकांचा आवाज. मग तो म्हणाला, "वत्सक्का, एक सांगशील? आईनं कुणाला घातलं?"

मी पिशवीची गाठ सोडून परत बांधली.

"मला भांडायचं नाही. अप्पा शेवटपर्यंत विचारत होते, तसलं नाही. माझं मत अजून व्हायचंय. ह्या वेळी मला आईच्या मताबरोबर घालायचं होतं. पुढच्या वेळी ती असेल नसेल."

एक नाव, दोन शब्द, आणि हा माणूस सुखानं घरी गेला असता. मी सही केली होती म्हणून गप्प राहिले असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला तिचा हात आठवत होता. "तिलाच विचार," मी म्हटलं.

"ती सांगणार काय?"

"नाही सांगणार."

मोहन हसला, पण डोळे पुसून हसला. गाडी आल्यावर त्यानं माझी पिशवी चढवली आणि खिडकीतून रसबाळे केळ्यांची फणी दिली. ती वाटेत माझ्याच डब्यातल्या एका बाईंच्या मुलांनी संपवली.

त्यांच्याकडचं मतदान झालं त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. सुधा आणि तो शाळेत जाऊन आले होते. पावसाचं झाड अजून आहे म्हणाला.

"घरी आलो तर आई दारात बसलेली," तो सांगू लागला. "मला विचारली, कुणाला घातलास म्हणून."

"काकीनं विचारलं?"

"होय की. जन्मात पहिल्यांदा."

"मग तू?"

"सांगितला नाही."

"रागावली?"

"छे. हसायला लागली, थांबेना. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, अता मोठा झालास की रे."

मोहन येत्या पावसाळ्यात रिटायर होतोय.